समुद्रात पाणी नव्हतं

माय गेली त्या दिवशी मी घरी वेळेवर पोचले नाही. का पोचले नाही, याचं जे कारण मी फोनवर भावाला सांगितलं होतं, ते पुढचे कितीतरी दिवस आमच्या केनवडात लोक एकमेकांना सांगत होते. बाजारात, पिठाच्या गिरणीवर, आमच्या ओसरीवर बसायला आलेल्या बायांमध्ये. "पोरगी म्हनते, समुद्रात पानी नव्हतं." कोणी हसत नव्हतं. पण सांगून झालं की सांगणारी बाई एकदा माझ्याकडे बघायची आणि मग पदर सारखा करायची.

मी समुद्रावर काम करते. आमच्याकडे कोणाला हे नीट समजलेलं नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. केनवडहून कोणत्याही दिशेला दिवसभर चाललं तरी समुद्र लागत नाही. घरचं वावर चार एकरांचं. तीन एकरांत सोयाबीन आणि तूर, उरलेल्या एकरात भाजी. भाजी मायची होती. वांगी, मेथी, भेंडी, सांबार. आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो; कोकणात मी पहिल्यांदा बाजारात सांबार मागितला तेव्हा भाजीवाली मला हॉटेलाचा रस्ता दाखवायला लागली होती. हे मी मायला फोनवर सांगितलं, तर ती हसली आणि म्हणाली, "मंग उपाशी आली का?"

अकोल्याला विज्ञान शिकले, पुढं मुंबईला समुद्रशास्त्र, आणि आता कोकणातल्या एका बंदराच्या गावी खोली घेऊन संशोधन करते. मायला मी सांगितलं होतं की मी समुद्राचं पाणी मोजते.

"किती हाये ते?"

"किती नाई माय. कसं हाये ते."

"मंग कसं हाये?"

"वरतं गोड, खालतं खारं."

"अन् मंग?"

"मंग भरती येते अन् सारं एक होते."

तिनं यावर काही विचारलं नाही. तिला ते पटलं असावं, किंवा मेथीच्या जुड्या बांधायच्या असाव्यात.

मी तिला सांगितलं ते थोडक्यात खरंच होतं. पावसाळा संपत आला की नद्या भरलेल्या असतात, आणि त्यांचं गोडं पाणी खाडीतून समुद्रात उतरतं. गोडं पाणी हलकं, खारं जड. उथळ समुद्रात गोडं पाणी वर पसरून राहतं, त्याच्यावर ऊन पडतं, ते आणखी हलकं होतं. खाली खारं, गार पाणी वेगळं पडून राहतं. असे दोन थर झाले की खालच्या पाण्याला हवा मिळत नाही आणि तळातलं खाद्य वर येत नाही. त्यांना मिसळायचं काम भरती-ओहोटी करते. पाणी तळावरून घासत आत धावतं, बाहेर धावतं, त्या घासण्यानं तळाशी घुसळण होते, आणि वेग पुरेसा असला तर ती घुसळण वरपर्यंत चढते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते, तेव्हा वेग मोठा. अष्टमीच्या सुमाराला भरती मवाळ, कोळी तिला भांगाची भरती म्हणतात. तेव्हा थर तसेच राहतात. एवढं पुस्तकात आहे. आमच्या खाडीच्या तोंडासमोर ते नेमकं कधी होतं, किती वेळात होतं, हे मला बघायचं होतं. त्यासाठी एका जागी नांगर टाकून पंचवीस तास थांबायचं, कारण तेवढ्यात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या पूर्ण होतात. दर अर्ध्या तासाला एक यंत्र दोरीनं वरून तळापर्यंत सोडायचं आणि परत ओढायचं. ते पाण्याचा खारेपणा, उष्णता आणि खोली टिपतं.

त्या वेळी कोजागिरी होऊन दोन दिवस झाले होते. मासेमारीची एक बोट आम्ही भाड्यानं घेतली होती. बोटीवर ती चालवणारा तांडेल, त्याचे दोन खलाशी, मी आणि माझ्यासोबत काम करणारा एकजण. आदल्या दिवशी सकाळी अकराला आम्ही सुरुवात केली होती. रात्र पाळीपाळीनं काढली. उजाडलं तेव्हा माझी पाळी होती. समुद्र शांत होता, ओहोटी चालू होती, आणि खाडीतून येणारं मातकट पाणी बोटीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर चाललं होतं.

साडेसहाला फोन वाजला. बोटीच्या मागच्या कोपऱ्यातच तेवढी रेंज यायची, म्हणून फोन तिथं एका टोपलीत ठेवलेला असायचा.

"माय गेली," भाऊ म्हणाला.

"कुठी गेली?" मी विचारलं.

 मागं वहिनीचा आवाज येत होता, मग आणखी बायांचा. मग मला कळलं.

"सांबार कापाले गेली होती," तो म्हणाला. "तिथीच पडली. गाडीत घातली, रिसोडले दवाखान्यात नेत होतो. रस्त्यातच गेली. तू निघ. आत्ताच निघ, आमी थांबतो तुयासाठी."

"साडेदहा-अकराच्या आधी नाई निघता येत."

"काहून?"

"बोट अंदर जात नाई. पानी नाई."

"कायच्यात पानी नाई?"

"समुद्रात. म्हंजे खाडीच्या तोंडात. ओहोटी हाये."

"तू समुद्रातच आहे ना?"

"हाव."

"अन् समुद्रात पानी नाई?"

मला दुसरं काही सुचलं नाही. मी "हाव" म्हणाले. त्यानं फोन ठेवला.

तांडेल साठीचा होता. त्याला सांगितलं तेव्हा त्यानं आधी डोक्यावरची टोपी काढली. मग खाडीच्या दिशेनं बघितलं. खाडीच्या तोंडावर वाळूचा एक आडवा बांध आहे, पाण्याखाली. उधाणाच्या ओहोटीला त्याच्यावर गुडघाभर पाणी राहतं आणि लाट तिथं फुटते. बोट टेकली तर आडवी होते.

"बाय, आता आत नाय जाता येणार," तो म्हणाला. "दहा-साडेदहाशिवाय नाय. लहान होडी मागवून बघतो."

त्यानं दोन ठिकाणी फोन केले. दोन्हीकडून नकार आला. फुटत्या लाटेतून होडी बाहेर काढायला कोणी तयार नव्हतं, आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही झाले नसते. मग त्यानं खलाशाला चहा ठेवायला सांगितलं आणि मला म्हणाला, "तू बस."

मी बसले. सात वाजायला आले होते. माझा सहकारी उठला होता, त्याला कळलं होतं. तो म्हणाला की उरलेली मोजणी तो करेल, किंवा नाही केली तरी चालेल. मी म्हटलं, "मी करते." तो बाजूला झाला.

सातला मी यंत्र सोडलं. साडेसातला सोडलं. आठला. दोरी ओली होती, तळहाताला नेहमीसारखी काचत होती. आठच्या सुमाराला पाणी थांबलं. ओहोटी संपते आणि भरती सुरू होते त्यामधे थोडा वेळ पाणी कुठंच जात नाही. बोट नांगरावर सैल होते, जिकडं वारा तिकडं तोंड करते. मग ती हळूहळू फिरली आणि तिचं तोंड समुद्राकडं झालं. साडेआठ. नऊ. साडेनऊ. दहा. सात वेळा यंत्र खाली गेलं आणि सात वेळा वर आलं. प्रत्येक वेळी मी वहीत वेळ लिहिली, खोली लिहिली, वारा लिहिला. पुढं महिन्याभरानं ती वही उघडली तेव्हा मी ते पान निरखून बघितलं. आधीच्या पानावरचं आणि त्या पानावरचं अक्षर एकच होतं. कुठं रेघ हललेली नाही, कुठं खाडाखोड नाही. मला वाटलं होतं काहीतरी दिसेल.

मधे एकदा तांडेल माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"आई कशानं गेली?"

"माहीत नाही. शेतात पडली."

"वय?"

"पन्नास-बावन्न."

नऊची मोजणी होती, त्यानं दोरीला हात लावला आणि माझ्याबरोबर ओढली.

साडेदहाला आम्ही नांगर उचलला. बांधावरून बोट गेली तेव्हा खाली वाळू दिसत होती. अकरा वाजून गेल्यावर मी धक्क्यावर उतरले, खोलीवर जाऊन कपडे बदलले, आणि मिळेल त्या गाडीनं निघाले. पाचच्या सुमाराला भावाचा फोन आला तेव्हा मी घाटात होते.

"आता नाई थांबता येत," तो म्हणाला. "दिवस मावळून राह्यला."

"हाव," मी म्हणाले. "करा."

नंतर मी कितीदा तरी वेळ जुळवून बघितली. अगदी सात वाजता किनाऱ्यावर असते तरी दिवस मावळायच्या आत केनवड गाठलं नसतं. हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती सबब वाटली असती, आणि मला स्वतःलाही ती थोडी तशीच वाटायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहकरहून आलेल्या गाडीनं फाट्यावर उतरले आणि चालत घरी गेले. गावात सोयाबीनची मळणी चालू होती, सगळीकडं भुसा उडत होता. भाऊ ओसरीत बसला होता. डोकं भादरलेलं. माझ्या हातातली पिशवीही त्यानं घेतली नाही.

"आलं पानी?" त्यानं विचारलं.

मी आत गेले. वहिनी मला धरून रडली. आत्या रडली. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. कोणीतरी म्हणालं, पोरीला धक्का बसला आहे, तिला रडू द्या. सगळ्याजणी थांबल्या आणि वाट बघू लागल्या. मला रडू येईना. मी बाहेर जाऊन नळावर पाय धुतले.

तेरा दिवस मी घरी होते. त्या दिवसांचं मला जे आठवतं ते सगळं किरकोळ आहे. मायच्या चपला दाराशी होत्या. एकीचा अंगठा शिवलेला. पाचव्या की सहाव्या दिवशी त्या तिथं नव्हत्या. कोणी उचलल्या ते विचारलं नाही. बाबा दिवसभर ओसरीत खांबाला टेकून असायचे. ते मुळातच कमी बोलतात. मायच दोघांचं बोलायची. आता त्यांना काही हवं असलं की ते मायच्या जागेकडं बघायचे, मग गप्प बसायचे. वहिनी त्यांना पाणी नेऊन द्यायची. बहुतेक वेळा ते पाणीच हवं असायचं.

दहाव्या दिवशीचं सगळं उरकल्यावर मी लॅपटॉप उघडला. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. बोटीवरची मोजणी त्यात उतरवलेली होती. मी खोलीच्या कोपऱ्यात बसून एकेक आलेख काढू लागले. आत्या दारात येऊन उभी राहिली.

"आजच्या दिवसी तरी ठिव ते," ती म्हणाली. "लोक काय म्हनतीन?"

मी झाकण लावलं. ती गेल्यावर परत उघडलं. तेवढ्यात बाबा आले. भिंतीला हात धरून खाली बसले आणि पडद्याकडं बघायला लागले. किती दिवसांनी ते ओसरी सोडून आत आले होते.

"हे काय होय?" त्यांनी विचारलं.

"पानी होय बाबा. हे वरतं, हे तळाले. हे सातची वेय."

"अन् हे?"

"दहाची."

सातच्या आलेखात रेघ वर एका जागी होती आणि खाली एकदम बाजूला सरकलेली. वर गोडं, खाली खारं, मधे पायरी. आठच्या आलेखात तशीच. साडेनऊला पायरी झिजलेली. दहाला रेघ वरून खाली जवळजवळ सरळ. मला स्वतःलाही ते तेव्हाच पहिल्यांदा दिसत होतं. ओहोटी संपताना खाडीतलं गोडं पाणी बाहेर येऊन वर पसरलं होतं, आणि भरतीनं तळापासून घुसळत दोन तासांत ते सगळं एक केलं होतं. मी जे शोधायला तिथं गेले होते, ते नेमकं त्या सात मोजण्यांमध्ये होतं. मला काही वाटलं नाही. बरंही नाही आणि वाईटही नाही.

बाबा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "खताचा ड्रम असाच. ढवयला नाई तं खालतं जाड अन् वरतं नुसतं पानी. पह्यल्या सरीले काहीच भेटत नाई."

"हाव," मी म्हणाले. "तसंच."

"हे तवाचं होय? सकायचं?"

"हाव."

ते उठले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात वगैरे ठेवला नाही. गुडघे धरत उठले आणि ओसरीत गेले. त्यांना काय वाटलं ते मला आजही माहीत नाही.

मी परत कोकणात आले. भाऊ माझा फोन घेत नव्हता. वहिनी घ्यायची आणि हळू आवाजात बोलायची. घरचं कळायचं, तूर कशी आहे, बाबांनी जेवण कमी केलंय, बाजारात भाजी घेऊन आता तीच बसते. ती शेवटी म्हणायची, "ते बाहीर गेले." मागून त्याचा खोकला ऐकू यायचा. मी म्हणायचे, "बरं."

माझ्या मार्गदर्शक बाईंना मी मोजणी दाखवली. त्यांना त्या सकाळबद्दल माहीत होतं. त्या म्हणाल्या, "ह्या सात नको असतील तर आपण पुढच्या वर्षी पुन्हा करू. कोणी विचारणार नाही." मी म्हटलं की राहू द्या. त्यांनी विचारलं, नक्की का. मी म्हटलं, आकडे चांगले आहेत. ते खरंच चांगले होते.

माघात, पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी, सकाळी साडेसातला मला भावाचा फोन आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"मी तुया बंदरावर हावो," तो म्हणाला.

मी धावत नाही गेले. केस बांधले, चप्पल घातली आणि गेले. धक्क्याच्या कडेला तो पाय सोडून बसला होता. बाजूला वांग्यांची पिशवी आणि त्याची कापडी बॅग. रात्रभराच्या प्रवासानं कपडे चुरगळलेले. समोर खाडी रिकामी होती. आदल्या दिवशी दुपारी जिथं पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला लागत होतं, तिथं आता चिखल होता, आणि त्या चिखलात दहा-बारा बोटी कलंडून पडल्या होत्या. एका बोटीच्या बुडाशी उभा राहून एक माणूस शेवाळ खरवडत होता. त्याच्या पलीकडं खाडीच्या मधोमध तेवढी पाण्याची एक धार चालली होती, आमच्या गावाजवळच्या नाल्यासारखी.

मी त्याच्या बाजूला बसले.

"हे बोटी अशा काहून पडल्या?" त्यानं विचारलं.

"पानी गेलं म्हनून."

"कुठी गेलं?"

"बाहीर. समुद्रात."

"अन् वापस येते?"

"दुपारी एक-दीडले पुरं भरते. दहा-अकराले बोटी तरंगतात."

मी चहा आणला, त्यानं घेतला. खोलीवर चल म्हटलं, तर म्हणाला, "थांब." आम्ही तिथं बसून राहिलो. साडेआठला चिखलात चिरा पडल्यासारखं पाणी शिरायला लागलं, आधी बारीक ओघळ, मग त्यांचे पट्टे. शेवाळ खरवडणारा माणूस बाहेर आला. नऊला पाणी पहिल्या बोटीला लागलं. भाऊ एकटक बघत होता. शेतात पाणी सोडल्यावर शेवटच्या सरीपर्यंत पोचतंय का ते बघतो, तसं. सव्वादहाला एक बोट हलली आणि हळूच सरळ झाली. मग दुसरी.

त्यानं फोन काढला, वहिनीला व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेरा खाडीकडं धरला.

"दिसते का?" तो म्हणाला. "हे आता भरून राह्यलं. मंघाशी काहीच नव्हतं. खाली चिखल होता, मानूस चालत होता." वहिनी काहीतरी म्हणाली. "नाई वं. खरंच नव्हतं. बाबाले सांग."

मला तेव्हा काहीतरी वाटायला हवं होतं. मी वाट बघितली. पिशवीतल्या एका वांग्याचं देठ मोडलेलं होतं, मी ते बघत राहिले.

मग आम्ही खोलीवर गेलो. मी भाकरी टाकल्या, त्याच्याच वांग्यांची भाजी केली. तो जेवला. जेवून ताटात हात धुतले आणि तसाच बसून राहिला.

"तुले एक सांगाचं होतं," तो म्हणाला.

मी ताटं उचलत होते, ती खाली ठेवली.

"त्या दिवसी मोटरीची लाईन पहाटची होती. मी मोटर चालू करून तुरीकडं पानी पाहून राह्यलो होतो. मायनं आवाज देल्ला. दोनदा. मले वाटलं, सांबारात पानी जास्त झालं, मोटर बंद कर म्हनते. तिचं नेहमीचंच होतं ना ते. म्हनून मी मोटरीकडं गेलो. बंद केली. तिथी बसलो जरासा, बिडी पेली. मंग तिच्याकडं गेलो."

त्यानं ताटातलं पाणी बोटानं इकडचं तिकडं केलं.

"माय मोटरीसाठी नव्हती बोलावत," तो म्हणाला.

बाहेर बाजूच्या घरातला कुकर वाजला.

"किती वेय गेला?" मी विचारलं. माझ्या कामात पहिला प्रश्न तोच असतो, म्हणून तोच तोंडातून आला.

"दहा मिनिट. पंधरा म्हन."

"वहिनीले माहीत हाये?"

"कोनालेच नाई."

मी त्याला सांगू शकले असते की पंधरा मिनिटांनी काही फरक पडला नसता. मला ते माहीत नव्हतं. त्यालाही माहीत नव्हतं, आणि कळायची सोय नव्हती. मग मी त्याला ते सांगितलं, जे कोणाला सांगितलं नव्हतं. की फोन ठेवल्यावर मी काम करत राहिले. सात वेळा. रडले नाही, देवाचं नाव घेतलं नाही, दर अर्ध्या तासाला दोरी सोडली आणि ओढली.

तो माझ्याकडं बघत होता.

"मंग दुसरं काय करनार होती?" तो म्हणाला. "बोट तं जात नव्हती."

त्यानं बॅगेतून टॉवेल काढला, तोंड पुसलं. दुपारच्या गाडीला अजून वेळ होता, म्हणून तो फरशीवर आडवा झाला आणि झोपला. मी भांडी घासली. तो घोरत होता. लहानपणी आम्ही एका खोलीत झोपायचो तेव्हा मला त्याचा राग यायचा. स्टँडवर गाडी लागल्यावर तो चढला आणि खिडकीतून म्हणाला, "बाबाले नको सांगजो ते." मी म्हटलं, "नाई सांगत." सांगितलं नाही.

त्यानंतर तो फोन घ्यायला लागला. आम्ही रविवारी बोलतो. फार काही बोलतो असं नाही. पीक, बाबांचं जेवण, त्याच्या लेकीचा अभ्यास. पावसाळ्याच्या तोंडाशी माझ्या प्रबंधातलं ते प्रकरण लिहून पूर्ण झालं. मुंबईला एका सभागृहात मी ते आलेख दाखवले. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं की ओहोटी संपण्याच्या वेळच्या मोजण्या इतक्या नीट कशा मिळाल्या. दमलेली माणसं बहुतेक तिथंच चुकतात, असं ते म्हणाले. मी म्हटलं, समुद्र शांत होता. ते खरंही होतं. बाई पहिल्या रांगेत होत्या, त्यांनी खाली बघितलं.

आषाढात भावानं विचारलं, की माय पडली तो सांबाराचा वाफा तेव्हापासून तसाच पडून आहे, त्यात नुसतं गवत माजलंय, तिथं काय लावू. वहिनी म्हणते तुळस लाव. बाबा काही बोलत नाहीत.

"तुले काय वाटते?" मी विचारलं.

"जागा चांगली हाये," तो म्हणाला. "पानी लागते तिथी."

"मंग वांगी लाव."

त्यानं वांगी लावली. मार्गशीर्षात मी चार दिवस घरी गेले तेव्हा ती भरात होती. वहिनीनं काटक्यांच्या जाळावर वांगी भाजून भरीत केलं, ओल्या मिरच्या ठेचून. बाबा माझ्या शेजारी जेवायला बसले होते. त्यांनी दुसरी भाकरी मागून घेतली, तोंडानं मागितली. मीही दोन भाकरी खाल्ल्या. चव कशी होती ते नीट आठवत नाही. तिखट होतं, नाकातून पाणी आलं, आणि वहिनीनं न विचारता ताटात आणखी एक डाव भरीत वाढलं.